गाडीचा काटा आणि गटाचा हिशोब



हल्ली बऱ्याच गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी जुनी आठ सीटांची व्हॅन घेतली, कुणी डिझेलवरची मोटार. दूध जातं, भाजी जाते, पापडाचे डबे जातात, आणि वेळ पडली तर अपरात्री बाळंतपणाची बाईही त्याच गाडीतून तालुक्याला जाते. या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकीत तेल किती ते दाखवणारा काटा असतो. आज त्याच काट्याबद्दल बोलायचं आहे. कारण हा काटा बिघडला की गाडी रस्त्यात बंद पडते एवढंच नाही, गटात भांडणंही लागतात.

कशी, ते सांगते. सकाळी काटा अर्ध्यावर होता. गाडी जेमतेम तीस किलोमीटर फिरली आणि संध्याकाळी काटा तळाला. मग डिझेल गेलं कुठं? तोंडावर कुणी बोलत नाही, पण बैठकीत सगळ्यांच्या नजरा गाडी चालवणाऱ्या ताईकडे वळतात. ती बिचारी शपथा घेते. अशा वेळी शपथ नको, तपासणी हवी. आणि ती आपल्याला करता येते.

आधी हा काटा चालतो कसा ते समजून घेऊ. छपरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा फुगा असतो ना, तसाच लहानसा फुगा गाडीच्या टाकीत असतो. मेस्त्री त्याला फ्लोट म्हणतात. तो एका दांडीला जोडलेला असतो. तेल वर गेलं की फ्लोट वर, तेल उतरलं की खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पत्र्याची जीभ असते, ती एका पट्टीवर घासत सरकते. जीभ जिथं असेल तसा विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो, आणि त्याप्रमाणे समोरचा काटा हलतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. ते फिरवलं की आतही असंच होतं. आणि वर्षानुवर्षं फिरवून पट्टी झिजली की ते बटण एका ठरावीक जागी खरखर करतं किंवा आवाजच जातो. टाकीतल्या पट्टीचंही तेच. म्हणून एखादा काटा पाऊण टाकीपर्यंत बरोबर चालतो, अर्ध्यावर आला की धाडकन तळाला पडतो आणि तेल आणखी उतरलं की पुन्हा पाव टाकी दाखवतो. वर सांगितलेल्या भांडणात बहुतेक वेळा दोष असतो तो या पट्टीचा. ताईचा नव्हे.

पण अंदाजावर कुणाला सोडायचं नाही आणि धरायचंही नाही. गाडीत एक वही ठेवा. टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करा, किती लिटर बसलं आणि गाडी किती फिरली ते लिहा. समजा गाडी 280 किलोमीटर फिरली आणि 20 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 14 चं. तीन-चार वेळा हा आकडा साधारण तोच आला आणि काटा मात्र भलतंच दाखवतोय, तर तेल कुठंही गेलेलं नाही, काटा खोटा आहे. उलट ॲव्हरेजच एकदम घसरला, तर गळती, इंजिन, पंपाचं माप, सगळं बघावं लागेल. पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं. संशय आला तर त्यात मोजून दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे, लाजायचं नाही.

काटा बघायचा तो गाडी सपाट जागी उभी करून, चावी फिरवून, थोडं थांबून. चढावर तेल एका बाजूला जातं आणि चांगला काटाही चुकतो. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळं पहिली अर्धी टाकी सावकाश उतरते आणि उरलेली भराभर, असं पुष्कळ गाड्यांत दिसतं. तो बिघाड नव्हे.

आता बिघाड कुठं आहे ते काटाच सांगतो. तेलाच्या काट्याबरोबर इंजिनच्या तापमानाचा काटाही मेला असेल, तर आधी फ्यूज बघा. तो दहा-वीस रुपयांचा असतो. खड्ड्यातून जाताना काटा उड्या मारत असेल, तर वायर सैल आहे किंवा टाकीजवळचं अर्थिंग गंजलंय. पावसाळ्यात चिखल उडून हे हमखास होतं, आणि नुसतं घासून घट्ट केलं तरी काम भागतं. टाकी भरली तरी काटा तळालाच चिकटून असेल, तर फ्लोटला भोक पडून त्यात तेल शिरलेलं असू शकतं. फुटका फुगा तरंगणार कसा? आणि काटा एकाच जागी गोठला असेल, तर दांडी अडकली का, हे बघायला हवं. कॅनमधून, कचऱ्यासकट डिझेल ओतायची सवय असेल तर टाकीच्या तळाशी गाळ बसतोच.

यापुढचं काम गाडीच्या वायरमनचं. पण गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारायचं ते आपल्याला माहीत हवं. पुष्कळदा उत्तर मिळतं, "मीटर गेलाय, पूर्ण बदलावा लागेल." हजारोंचं बिल. तेव्हा म्हणा, "दादा, आधी टाकीजवळची वायर काढून बल्ब लावून बघा." साध्या, काट्याच्या मीटरच्या गाडीत टाकीकडून येणारी वायर सोडवतात, ती लहान बल्बमधून बॉडीला जोडतात आणि चावी फिरवतात. काटा जागचा हलला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष टाकीतल्या फ्लोटचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. काटा ढिम्म राहिला, तर वायर तुटलीय किंवा मीटर खराब आहे. पाच मिनिटांचं काम. नंतर फ्लोट बाहेर काढला तर दांडी हळूहळू वर-खाली करून मल्टिमीटरवर आकडा सलग बदलतो का, ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. मधेच आकडा गायब झाला की झिजलेली जागा सापडली. काट्याऐवजी रेघा दाखवणाऱ्या नव्या कॉम्प्युटरच्या गाड्यांत मात्र हा बल्बचा प्रयोग करू देऊ नका. तिथं स्कॅनर लावूनच बघतात.

आणि खरंच मीटर बदलायची वेळ आली, तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर वहीत लिहून तारीख टाका. नव्या मीटरवर आकडा वेगळा असतो, उद्या गाडी विकताना प्रश्न येतो.

एक गोष्ट निक्षून सांगते. टाकी उघडायचं काम घरी करायचं नाही. पुष्कळ मोटारींत मागच्या सीटखाली झाकण असतं, ते सोपं दिसतं, म्हणून सांगते. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. किती तेल आहे ते बघायला काडी ओढायची नाही, आणि तोंडानं नळी ओढून तेल काढायचं तर मुळीच नाही. ते छातीत गेलं तर जिवावर बेततं.

काटा दुरुस्त होईपर्यंत वहीवर गाडी चालवा. ॲव्हरेज 14 आणि टाकी 40 लिटरची असेल, तर हिशोबानं 560 किलोमीटर होतात, पण 400 झाले की भरायचंच. डिझेलची गाडी पूर्ण कोरडी पडली तर पाइपात हवा शिरते, नुसतं डिझेल ओतून ती सुरू होईलच असं नाही, हातपंप मारून हवा काढावी लागते. पेट्रोलच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळंच तो थंड राहतो, म्हणून तीही तळाला नेऊ नये. काही गाड्यांत रिझर्व्हच्या दिव्याचा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळं काटा बंद असला तरी दिवा लागतो. तुमच्या गाडीत तसं आहे का, ते वायरमनला आजच विचारून ठेवा. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा विचारायला वेळ नसतो.

पुढच्या बैठकीला हिशोबाच्या वहीबरोबर गाडीची वहीही आणा. गाडी चालवणाऱ्या ताईलाच ती वाचू द्या.