घेतलेला मोबाइल नकोसा झाला तर...

(गणेशोत्सवातील सभासदांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून संगीत, नाटक, इतिहास अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. त्या मानाने आमचा विषय अगदी बाजारातला. आम्ही म्हणजे मंडळातले चार-पाच जण, जे रविवारी सकाळी इथल्याच हॉलमध्ये बसून सभासदांच्या मोबाइलच्या अडचणी सोडवतो. तिथे वरचेवर एक वाक्य कानी पडते : "फोन घेतला खरा, पण मनाला येत नाही. आता याचं काय करू?" कार्यकारिणीने सांगितले की यावरच बोला. वेळही योग्य आहे. बाप्पा गेले की पितृपक्ष, आणि तो उरकला की ऑनलाइन सेलची धामधूम. घरोघरी नवे फोन येतील आणि त्यातले काही महिन्याभरात नकोसे होतील.

फोन नकोसा का होतो, याची कारणे साधी असतात. मुलाने पुण्याहून किंवा बंगळुरूहून मागवून दिलेला फोन आई-वडिलांच्या हातात मावत नाही, जड होतो. कॅमेऱ्याचे आकडे पाहून घेतला, पण आवाज हळू येतो. कुणाच्या घरात, अमुक खोलीत रेंजच मिळत नाही. कुणाला जुन्या फोनची बटणे सवयीची, नव्यात सगळे हात फिरवून करायचे. यात लाजण्यासारखे काही नाही. चप्पल आपण पायात घालून, चार पावले चालून घेतो. फोन मात्र चित्र पाहून घेतो.

आधी परत करण्याबद्दल. पुष्कळांचा समज असतो की ऑनलाइन घेतलेली वस्तू सात दिवसांत परत करणे हा आपला हक्कच आहे. तसे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात ते एवढे, की वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. केवळ आवडली नाही म्हणून परत घेणे हे त्या विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून. काही ठिकाणी मोबाइलला फक्त बदलून देणे असते, तेही दोष सिद्ध झाला तरच. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या वस्तूखालच्या परतीच्या अटी वाचाव्यात आणि खोके उघडताना व्हिडिओ घ्यावा. खरा दोष असून कुणी दाद देत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. दुकानातून घेतला असेल आणि सील उघडले असेल, तर जेल रोडवरचा दुकानदार काय म्हणतो ते आपणा सर्वांना पाठ आहे : "भैया, अब तो सेकंडहैंड हो गया."

मग उरते विकणे. निर्णय घ्यायचा तर लवकर घ्यावा. कपाटात ठेवलेल्या फोनचा भाव दर महिन्याला उतरतो आणि वॉरंटीही सरत जाते. मात्र फोन हप्त्यांवर घेतला असेल, तर आधी कर्ज फेडून नाहरकत पत्र घ्यावे. हप्ता थकला की फोन बंद पाडणारे ॲप काही फोनमध्ये घातलेले असते. तसा फोन दुसऱ्याच्या गळ्यात घालणे म्हणजे त्याला फसवणे होय.

विकण्याचे मार्ग तीन. नवीन फोन घेताना जुना बदल्यात देणे, जुने फोन विकत घेणाऱ्या कंपनीला घरी बोलावून देणे, आणि स्वतः जाहिरात टाकून अनोळखी गिऱ्हाइकाला विकणे. पहिल्या दोहोंत पैसे कमी पण डोकेदुखी कमी. तिसऱ्यात दोन-चार हजार जास्त मिळतात, पण सगळी काळजी आपली आपल्यालाच घ्यावी लागते. ज्यांना बरोबर यायला कुणी नाही, त्यांनी पहिले दोन मार्गच धरावेत, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

आता फोन रिकामा करण्याविषयी. पूर्वी रेडिओ विकला तर रेडिओच जात असे. आता फोनबरोबर बँक, फोटो, पत्रव्यवहार, आधारचे कागद, नातवंडांच्या शाळेचे ग्रुप असे सगळे घर जाऊ शकते. म्हणून विकायची वस्तू फक्त फोन, घराच्या किल्ल्या नव्हेत, हे मनात पक्के ठेवावे.

इथे एक धोका फार जणांना ठाऊक नसतो. फोन देण्यापूर्वी लोक बसून एकेक फोटो हाताने पुसतात. फोटो गूगलच्या खात्याला जोडलेले असतील, तर या फोनवर पुसलेला फोटो खात्यातूनही जातो, आणि नव्या फोनवरूनही नाहीसा होतो. आमच्याकडे एक काकू अशाच आल्या होत्या. काकांना जाऊन वर्ष झालेले. त्यांचे शेवटच्या दिवाळीचे फोटो त्या स्वतःच पुसत बसल्या होत्या, फोन गिऱ्हाइकाला "साफ करून" द्यायचा म्हणून. सुदैवाने पुसलेले फोटो काही दिवस कचरापेटीत राहतात, तिथून ते परत मिळाले. काकांचा आवाज असलेले व्हॉट्सॲपचे निरोप मात्र त्या फोनवरच होते, त्यांचा बॅकअप घेतलेलाच नव्हता. फोन त्याच दिवशी गेला असता, तर तो आवाज कायमचा गेला असता.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲप यांचा बॅकअप घ्यावा. तो नव्या फोनवर उतरवून, उघडून, डोळ्यांनी पाहावा. बँकेची आणि यूपीआयची ॲप नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री करून जुन्या फोनमधून लॉगआउट करून काढावीत. सिम आणि मेमरी कार्ड काढावे. ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर नेऊन जुन्यातून काढावे. मग सेटिंगमध्ये जाऊन गूगलचे खाते काढावे. आयफोन असेल तर ॲपलच्या खात्यातून साइन आउट करून 'फाइंड माय' बंद करावे. काही कंपन्यांचे स्वतःचे खाते असते, तेही काढावे. आणि सर्वांत शेवटी फॅक्टरी रीसेट. खाते राहून गेले, तर पुढच्या माणसाचा फोन आपल्या पासवर्डवर अडून बसतो आणि तो रात्री दहाला आपल्याला फोन करतो. रीसेटनंतर फोन चालू केला की नव्या फोनसारखा भाषा निवडा एवढेच विचारायला हवा.

जाहिरातीबद्दल थोडक्यात. फोटो खरे असावेत, ओरखडा असेल तर तोही दाखवावा. बिलाचा फोटो आणि आयएमईआय नंबर जाहिरातीत टाकू नये. घराचा पत्ता तर मुळीच नको.

जाहिरात टाकली की तासाभरात फोन येऊ लागतात. त्यातले काही गिऱ्हाईक, काही लुटारू. लुटारू ओळखायची एक खूण आम्ही सांगतो : तो घासाघीस करत नाही. आपण चौदा हजार म्हटले की तो "ठीक है सर" म्हणतो. फोन न पाहता चौदा हजाराला तयार होणारे गिऱ्हाईक आपल्या इंदूरच्या बाजारात जन्माला यायचे आहे.

पुढे त्याच्या ठरलेल्या कहाण्या असतात. एक म्हणतो, मी फौजेत आहे, बदली झाली आहे, माणूस पाठवतो. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. मग एक क्यूआर कोड येतो : "स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." मंडळी, हे वाक्य घरी भिंतीवर लिहून ठेवा : पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. यूपीआयचा पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार, हे नक्की. दुसरा म्हणतो, तुम्ही खरे विक्रेते आहात का ते तपासतो, एक ओटीपी येईल तो सांगा. तो ओटीपी आपल्या व्हॉट्सॲपचा असतो. सांगितला की आपले व्हॉट्सॲप त्याच्या हाती आणि आपल्याच नावाने मंडळाच्या ग्रुपवर पैशांची मागणी. तिसरा पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवतो. स्क्रीनशॉट खोटा बनतो, मेसेजही खोटा येतो. शिल्लक आपल्या बँकेच्या ॲपमध्ये स्वतः पाहावी. चौथा म्हणतो, चुकून जास्त गेले, वरचे परत करा. आधी शिल्लक पाहावी. खरेच जास्त आले असतील, तर बँकेला कळवून बँकेमार्फतच परत करावे. आणि कुणी लिंक किंवा ॲपची फाइल पाठवली, तर उघडायचीच नाही.

भेट दिवसा, माणसांच्या वर्दळीत, आणि दोघांनी मिळून घ्यावी. सर्वांत चांगली जागा म्हणजे आपल्या बँकेची शाखा. रोख मिळाली तर तिथेच काउंटरवर भरता येते, नोटा खऱ्या-खोट्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

पैसे यूपीआयने आले तरी काम संपले असे नाही. आपल्या परिचयातल्या एका घरी काय झाले ते सांगतो. त्यांनी साडेअकरा हजाराला फोन विकला. माणूस समोर आला, फोन पाहिला, पैसेही खरेच खात्यात आले. फक्त ते त्याच्या नावावरून न येता तिसऱ्याच कुणाच्या नावावरून आले. "दोस्त के अकाउंट से डाल रहा हूँ," असे तो म्हणाला. तीन आठवड्यांनी खात्यातून पैसे निघेनात. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी फसवणूक झाली होती, आणि लुबाडलेल्या त्या पैशांची साखळी या खात्यापर्यंत आली होती. खाते पगाराचे, आणि त्याच आठवड्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. फोन प्रामाणिकपणे विकलेला, तरी दीड महिना बँक आणि सायबर सेल यांच्याकडे खेपा घालाव्या लागल्या. सुटका कशामुळे झाली? विक्रीच्या वेळी त्यांनी लिहून घेतलेल्या एका कागदामुळे आणि जपून ठेवलेल्या संभाषणामुळे.

म्हणून पैसे समोरच्या माणसाच्या स्वतःच्याच खात्यातून घ्यावेत, ॲपमध्ये दिसणारे नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळवून. जुळत नसेल तर व्यवहार सोडावा. आणि कागद करावाच. आम्ही शासकीय नोकरीतली माणसे, कार्यालयातली मोडकी खुर्ची बाद करायची तरी नोंद, शेरा आणि सही लागते. लोक त्याला हसतात, पण फोनच्या बाबतीत तीच शिस्त उपयोगी पडते. साध्या कागदावर तारीख, वेळ, मॉडेल, दोन्ही आयएमईआय नंबर, किंमत, दोघांची नावे आणि सह्या. "आजपासून या फोनच्या वापराची जबाबदारी खरेदीदाराची" हे एक वाक्य. दोन प्रती. पुढे त्या फोनवरून कुणी गैरकृत्य केले आणि आयएमईआयचा माग काढत पोलीस पहिल्या मालकाकडे आले, तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असते. बिलाची प्रत द्यावी, पण आपला पत्ता आणि नंबर त्यावर झाकून. खरेदीदाराच्या आधारची प्रत घेतली तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत घ्यावी. आपल्याला त्याच्या नंबरांचे काय करायचे आहे?

उलट बाजूही पाहू, कारण आपल्यातले काही जुना फोन घेणारेही आहेत. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या गर्दीत दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन खिशातून जातो. तो कुठे जातो? स्वस्तात फोन मिळतो म्हणून हरखून जाणाऱ्याच्या हातात. घेताना *#०६# दाबून आयएमईआयचे पंधरा आकडे पाहावेत, ते बिलाशी जुळवावेत. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करावा, किंवा दूरसंचार विभागाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथीवर तपासावा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळते. आपला फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन ब्लॉक करण्याची सोयही तिथेच आहे.

इतके करूनही पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. "घरात कळलं तर काय म्हणतील" या विचारात रात्र घालवू नये. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात, जितक्या लवकर कळवाल तितकी मधेच अडवण्याची आशा जास्त. आणि घरच्या तरुणांना एक विनंती. आई किंवा बाबा सांगायला आले तर पहिला शब्द "तुम्हाला कितीदा सांगितलं होतं" हा नसावा. त्या एका वाक्याच्या भीतीने ज्येष्ठ माणसे गप्प राहतात, आणि तो वेळ लुटारूला मिळतो.

पूर्वी आपल्याकडे जुनी सायकल, शिवणयंत्र, हार्मोनियम विकायची तर मंडळाच्या फळ्यावर चिठ्ठी लागायची. घेणारा ओळखीचा, देणारा ओळखीचा. आता गिऱ्हाईक अनोळखी, म्हणून ओळखीची जागा कागदाने आणि सावधपणाने भरून काढावी लागते. कार्यकारिणीला आमची सूचना आहे की तो फळा पुन्हा सुरू करावा. नकोसा फोन आधी आपल्याच माणसांना विचारावा, मग बाहेर.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही याच हॉलमध्ये असतो. फोन विकायचा असेल तर आधी घेऊन या, रिकामा करून देऊ. पासवर्ड मात्र तुम्ही स्वतःच टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही.

 गणपती बाप्पा मोरया!