इंदुरी वळणाचा गळा

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

बाविसाव्या वर्षी मी नोकरीच्या मुलाखतीला पुण्याला गेलो होतो. 'घरी काय आहे?' असं विचारलं, तर मी म्हणालो, 'केयीची बाग.' आमच्या बोलीत केळीला केयी म्हणतात. समोरचे तिघे हसले. त्यात दुष्टावा नसेलही. पण पुढच्या प्रत्येक प्रश्नाला मी हो किंवा नाही एवढंच बोललो. नोकरी हुकली ते एक वेळ ठीक; त्यानंतर कित्येक वर्षं चारचौघांत तोंड उघडण्याआधी मी वाक्य मनात घासूनपुसून घ्यायचो. तुमच्यातल्या पुष्कळांना ही धास्ती ठाऊक आहे. म्हणून आज अरुण दाते यांच्याविषयी बोलायचं ठरवून आलो.

यावलवरून जाणारा आपला रस्ता बऱ्हाणपूरला पोचतो आणि तिथून पुढे इंदूर. त्या इंदुरात ४ मे १९३४ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव अरविंद. वडील रामूभैया दाते हे मोठे रसिक. भले भले गवई त्यांच्या घरी उतरत, गात. कुमार गंधर्वांकडे अरविंदने सुरुवातीचे धडे घेतले, पुढे के. महावीर यांच्याकडे तो शिकला. शिक्षण मात्र कापड गिरण्यांचं. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून ते टेक्स्टाइल इंजिनिअर झाले आणि नोकरीला लागले. आपल्या खानदेशचा कापूस ज्या धंद्याला लागायचा, त्याच धंद्यात.

१९५५पासून ते आकाशवाणीवर गाऊ लागले. गायचे काय? उर्दू गझल. तो आवाज संगीतकार श्रीनिवास खळे यांनी ऐकला आणि मंगेश पाडगावकरांचं एक गीत याच गळ्यातून हवं, असा त्यांनी ध्यास घेतला. दाते टाळत राहिले. आपलं मराठी इंदुरी वळणाचं, हिंदीत भिजलेलं. मराठी गायलो तर लोक हसतील, ही त्यांची भीती. मोठेपणी ते स्वतःच हे सांगायचे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुण्याची ती खोली डोळ्यांपुढे आली. एवढ्या मोठ्या गायकालाही हेच वाटत होतं!

खळे हटले नाहीत. १९६२ साली 'शुक्रतारा'चं ध्वनिमुद्रण झालं. त्या गाण्यामागची माणसं बघा. खळे वाढले बडोद्यात, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, दाते इंदूरचे आणि सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा जन्मानं दिल्लीच्या. मराठी तर सुधाताईंची मातृभाषाच नव्हे. चौघांतला एकही पुण्याचा नाही. आणि गेली साठ वर्षं भावगीत म्हटलं, की मराठी माणसाला आधी हेच गाणं आठवतं.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. भावगीतात ताना-पलट्यांना जागा थोडी. शब्द पोचला नाही, तर गाणं पडलं. शब्द कुठे सोडायचा, कुठे क्षणभर धरून ठेवायचा, ही समज गझल गाणाऱ्याला आधीपासूनच असते. ज्या हिंदी-उर्दूच्या वळणाची त्यांना धास्ती होती, त्याच वळणानं त्यांना हे शिकवलं होतं, असं मला त्यांचं गाणं ऐकताना दर वेळी वाटतं. ते ओरडत नाहीत, घाई करत नाहीत. शेजारी बसून बोलावं तसं गातात.

नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. गिरणीचं काम आणि गाणं वर्षानुवर्षं बरोबरीनं चाललं. यशवंत देवांच्या चालीतली त्यांची गाणी तर घराघरांत गेली. पुढे 'शुक्रतारा' याच नावाच्या मैफलीचे दोन हजारांवर कार्यक्रम त्यांनी केले. ६ मे २०१८ रोजी मुंबईत ते गेले, चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते.

आज हाती येणाऱ्या पदवीवर, आपल्या विद्यापीठाच्या नावात, कवयित्री बहिणाबाईंचं नाव आहे. असोद्याची ती माय शाळेत गेली नव्हती. घरकाम, शेतकाम करताना तिनं ओव्या रचल्या त्या आपल्या लेवा बोलीत, आणि मुलानं, सोपानदेवांनी, त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या. १९५२ साली पुस्तक निघालं. तिचा एकही शब्द कुणी 'शुद्ध' करून छापला असता, तर आज त्यात काय उरलं असतं?

आता नावं पुकारली जातील. मंचावर याल तेव्हा मला तुमचं गाव सांगा, घरी म्हणता तसंच. साकळीच्या पोरांनी 'साकयी' म्हटलं तरी मला बरोबर कळेल. मीही तिथलाच आहे.