मालिकावीर कोण, लॉरा की दीप्ती?

नेऱ्यातून बोलतोय. आज एकच वाद, जो आमच्या कट्ट्यावर अजून मिटलेला नाही.

२ नोव्हेंबर २०२५. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची फायनल. पनवेलहून लोकलने गाठता येतं इतकं जवळ. आपण जिंकलो, मालिकावीर ठरली दीप्ती शर्मा. आमचा एक मित्र म्हणतो, अन्याय झाला. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुल्व्हार्टने ५७१ धावा केल्या, एका महिला विश्वचषकात इतक्या कुणीच केल्या नव्हत्या. सेमीफायनलला १६९, फायनलला १०१. अजून काय करायचं तिने?

खरंय. पण दीप्तीच्या २१५ धावा आणि २२ विकेट्स आहेत. फायनलमध्येच ५८ धावा, वर ५ बळी. आणि लॉराला काढलं कुणी? दीप्तीनेच! कॅच घेताना अमनजोतच्या हातातून बॉल उडाला, तेव्हा श्वास अडकला होता राव.

आपल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत काय होतं? सिक्स मारणाऱ्याला ट्रॉफी, शेवटची ओव्हर टाकणाऱ्याला नुसत्या टाळ्या. म्हणून मला हा निकाल पटला.

लॉरा भारताकडून खेळत असती तर? हां... तरी दीप्तीच. बहुतेक.