घरातील अल्सेशियन : संगोपन आणि शिक्षण

भारतीय शहरांत 'मोठा कुत्रा' असे म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम अल्सेशियन उभा राहतो. त्याचे हे नाव खरे पाहता एका युद्धाची खूण आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्दच लोकांना नकोसा झाला होता. म्हणून जर्मन मेंढपाळांच्या या कुत्र्याला फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील अल्सेस प्रांताचे नाव देण्यात आले. ब्रिटनमधील केनेल क्लबने १९७७ मध्ये जुने नाव पुन्हा मान्य केले, परंतु तोपर्यंत अल्सेशियन हे नाव आपल्याकडे घरोघरी रुळून गेले होते. प्रस्तुत भाषणातही तेच रूढ नाव वापरले आहे.

पिल्लू घरी येते तेव्हा साधारणपणे ८ आठवड्यांचे असते व त्याचे वजन ७-८ किलोच्या आसपास भरते. कान अजून पडलेले, पंजे शरीराच्या मानाने मोठे आणि चाल डुलती असते. ते धावत येऊन पाहुण्याच्या अंगावर उडी घेते, साडीचा काठ तोंडात धरून ओढते, आणि घरातील सर्वांना त्याचे कौतुक वाटते. आठ-दहा महिने लोटतात. तेच जनावर आता ३० किलोच्या घरात जाते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३० ते ४० किलो व खांद्यापर्यंतची उंची ६० ते ६५ सेंटिमीटर असते. मादी याहून काहीशी लहान. तीच उडी आता आजीबाईंना जमिनीवर पाडते. ज्या कृत्याबद्दल काल कौतुक झाले त्याच कृत्याबद्दल आज छडी मिळू लागते. मग कुत्रा फाटकाजवळ साखळीने बांधला जातो. बांधलेला कुत्रा दिवसभर भुंकतो, एखाद्या दिवशी कोणाला तरी चावतो, आणि त्यानंतर त्याला कोणाच्या तरी शेतावर पाठवून देण्याची किंवा गावाबाहेर सोडून येण्याची भाषा सुरू होते. या सर्व घटनाक्रमात कुत्र्याची वागणूक फारशी बदललेली नसते. वाढलेले असते ते केवळ त्याचे वजन.

म्हणून मोठ्या कुत्र्याच्या शिक्षणाचा पहिला नियम असा सांगता येतो, की ३५ किलोच्या कुत्र्याने जे करू नये असे वाटते, ते ७ किलोच्या पिल्लाला एकदाही करू देऊ नये. लहान जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत येथे झालेली हयगय खपून जाते, कारण त्याला उचलून बाजूला ठेवता येते. अल्सेशियनच्या बाबतीत ही सोय काही आठवड्यांपुरतीच असते.

या जातीचे मूळ काम ध्यानात घेतले, तर तिच्या पुष्कळशा खोडी समजू लागतात. घोडदळातील अधिकारी माक्स फॉन श्टेफानित्झ याने १८९९ मध्ये एका प्रदर्शनात पाहिलेला कुत्रा विकत घेतला, त्याचे नाव होरांड असे ठेवले, आणि त्याच वर्षी या जातीच्या संवर्धनासाठी संघटना स्थापन केली. त्याचा आग्रह रूपापेक्षा कामावर अधिक होता. जर्मनीत कुंपण नसलेल्या शेतांच्या लगत मेंढ्या चरत, आणि त्यांनी पिकात शिरू नये म्हणून कुत्रा कळपाच्या कडेकडेने तासन्‌तास येरझारा घालीत असे. एक प्रकारे ते चालते कुंपणच होते. कळपातून फुटणाऱ्या मेंढीला तो तोंडाने किंचित दाबून परत वळवी. आता हाच प्राणी एका सदनिकेत किंवा छोट्या बंगल्यात ठेवला, तर तो काय करणार? मुले अंगणात धावू लागली की त्यांच्या टाचांकडे त्याचे तोंड वळते. घरातील मंडळी दोन खोल्यांत विभागली गेली की तो उंबऱ्यावर बसून दोन्हीकडे लक्ष ठेवतो. फाटकाबाहेरून जाणारा टपालवाला त्याच्या दृष्टीने सीमा ओलांडू पाहणारा असतो. शिवाय टपालवाला रोज येतो व रोज परत जातो. कुत्र्याची समजूत अशी होते की आपल्या भुंकण्यामुळेच तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक जोराने भुंकतो. यात दुष्टपणा शोधणे व्यर्थ आहे. उपाय एवढाच की मुलांच्या मागे धावण्याऐवजी त्याला चेंडूमागे धावावयास शिकवावे, आणि फाटकाशी एकटे सोडून देऊ नये.

पिल्लाच्या आयुष्यातील ३ ते साधारण १२-१४ आठवडे हा काळ अत्यंत मोलाचा असतो. अमेरिकेत बार हार्बर येथे झालेल्या एका प्रयोगाची माहिती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काही पिल्ले १४ आठवड्यांपर्यंत माणसाच्या सहवासावाचून वाढविण्यात आली होती. नंतर ती माणसाला पाहताच रानटी प्राण्यांप्रमाणे दूर पळू लागली. त्याच ठिकाणी दीर्घकाळ संशोधन केलेल्या स्कॉट व फुलर यांचा कुत्र्यांच्या वर्तनावरील ग्रंथ १९६५ मध्ये निघाला, आणि त्यानेही याच काळाच्या महत्त्वावर भर दिला. या आठवड्यांत पिल्लू ज्या गोष्टी निर्भयपणे पाहते त्या त्याला पुढे परिचयाच्या वाटतात. ज्या पाहत नाही त्यांच्याविषयी संशय राहतो. भारतीय शहरात ही यादी बरीच लांब होते. छत्री उघडणारा माणूस, बुरखा घातलेली स्त्री, काठी टेकीत चालणारे वृद्ध, शिरस्त्राण घातलेला स्कूटरस्वार, भंगारवाल्याची हाळी, बँडबाजा, कुकरची शिटी, गाय, माकड. फटाक्यांचा आवाज प्रथम दुरून ऐकू यावा व त्याच वेळी तोंडात काही गोड घास मिळावा, अशी योजना केली तर दिवाळीतील त्याची भीती पुष्कळ कमी होते.

येथे एक अडचण उभी राहते. याच वयात पिल्लाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूच्या रोगाने लहान पिल्ले आजही दगावतात, आणि त्याचा संसर्ग दूषित जमिनीवरून होतो. म्हणून पुष्कळ पशुवैद्य पिल्लाला बाहेर नेऊ नका असे सांगतात, व घरची मंडळी त्याला चार महिने चार भिंतींत कोंडून ठेवतात. दोन्ही गोष्टी साधणे कठीण नाही. पिल्लाला कडेवर घेऊन बाजारात, बसथांब्यावर, देवळाच्या आवाराबाहेर न्यावे. त्याने पाहावे, ऐकावे, पण भटक्या कुत्र्यांच्या जागी जमिनीवर उतरू नये. पुढे वजन वाढल्यावर कडेवर घेणे अशक्य होते, हे वेगळे सांगावयास नको.

शिकविण्याच्या पद्धतीविषयी मतभेद जुने आहेत. जर्मनीत कोनराड मोस्ट याने १९१० मध्ये पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्याची पद्धत सक्तीवर आधारलेली होती आणि तिचा प्रभाव अनेक दशके टिकला. पुढे तिला लांडग्यांच्या अभ्यासाचा आधार जोडण्यात आला. रुडोल्फ शेंकेल याने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण १९४७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि कळपात एक दांडगा नायक सर्वांना धाकात ठेवतो ही कल्पना त्यातून लोकप्रिय झाली. मालकानेही तसेच नायक व्हावे, कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, असा उपदेश त्यानंतर होऊ लागला. परंतु ते लांडगे बंदिवासात एकत्र आणलेले होते. डेव्हिड मीच या शास्त्रज्ञाच्या १९७० मधील ग्रंथानेही ती कल्पना पसरविण्यास हातभार लावला होता. त्यानेच १९९९ मध्ये स्पष्ट केले की रानातील कळप म्हणजे सामान्यतः आईबाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. तेव्हा उताणे पाडण्याच्या उपदेशाचा पायाच ढासळतो. शिवाय व्यावहारिक प्रश्न असा, की घरातील दहा वर्षांच्या मुलीने अल्सेशियनला उताणे कसे पाडावे? जी पद्धत केवळ घरातील सर्वांत बलवान पुरुषाला वापरता येते, ती कुटुंबाच्या कामाची नव्हे.

कुत्रा शिकतो तो परिणामावरून, आणि परिणाम कृतीपाठोपाठ एक-दोन सेकंदांत यावा लागतो. सकाळी कुरतडलेली चप्पल संध्याकाळी नाकाशी धरून मारले, तर मार आणि चप्पल यांचा संबंध त्याला लागत नाही. कामावरून परतणारा माणूस मारतो, एवढेच तो शिकतो. त्याचे कान पाडून दबून बसणे हा अपराधाचा कबुलीजबाब आहे असे लोक समजतात, पण ती समोरच्या मुद्रेची भीती असते. उडी मारण्याची सवय घालविण्यासाठी गुडघा मारण्याचीही आवश्यकता नाही. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्याच्याकडे पाहावे, बोलावे, घास द्यावा. उडी घेतली की पाठ फिरवावी. मात्र हे घरातील प्रत्येकाने पाळावयास हवे. चौघांनी पाठ फिरवली आणि पाचव्याने कुरवाळले, तर उडी कधी ना कधी फळते हे कुत्र्याच्या पक्के ध्यानात राहते.

एकत्र कुटुंबात नेमके हेच घडते. वडील 'सिट' म्हणतात, आजी 'बस रे बाळा' म्हणते, स्वयंपाकी 'बैठ' म्हणतो आणि मुले 'सिट डाऊन' ओरडतात. 'डाऊन' या शब्दाचा अर्थ काहींच्या मते आडवे होणे असा, तर काहींच्या मते सोफ्यावरून उतरणे असा. भाषा कोणतीही चालते. कुत्र्याला मराठी, तमिळ वा बंगाली सारखीच. परंतु एका कृतीला एकच शब्द असावा, आणि तो भिंतीवर लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये. पाच-सहा शब्द पुरेत: बस, थांब, ये, सोड, चल. यांपैकी 'ये' हा शब्द कधीही शिक्षेसाठी किंवा औषध पाजण्यासाठी वापरू नये. तो ऐकून आलेल्या कुत्र्याचे प्रत्येक वेळी स्वागतच व्हावे, मग तो कितीही उशिरा आलेला असो. शिकवण्याचा अवधी पाच मिनिटांचा, दिवसातून तीन-चार वेळा, तोही जेवणापूर्वी, म्हणजे घासाला किंमत राहते. पट्टा ताणला गेला की चालणाऱ्याने थांबावे आणि तो सैल होताच पुढे निघावे. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावर पोहोचावयास वीस मिनिटे लागतात, याला इलाज नाही.

मलमूत्राची शिस्त त्या मानाने सोपी. झोपून उठल्यावर, जेवल्यावर व खेळल्यावर ताबडतोब ठरावीक जागी न्यावे आणि काम होताच तेथेच शाबासकी द्यावी. नाक त्यात घासणे ही निरर्थक क्रूरता होय.

आहाराच्या बाबतीत भारतीय घरांची चूक दोन टोकांची असते. काही घरी पोळी, दूध व भात एवढ्यावरच पिल्लू वाढते; काही घरी ते लवकर मोठे व्हावे म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांचा मारा होतो. मोठ्या जातीत दुसरी चूक विशेष घातक आहे. वाढत्या हाडांना जादा कॅल्शियम व जादा वजन दोन्ही सोसत नाहीत, आणि अल्सेशियनमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आधीच आढळतो. पिल्लू घेतानाच आईबापांच्या खुब्यांची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत त्याला उंचावरून उड्या मारू देऊ नयेत किंवा स्कूटरमागे पळवू नये. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तेथे गोणपाट अंथरावे. शिजवलेली हाडे, कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट वर्ज्य. वैशाखातील दुपारी त्याला बाहेर काढू नये, कारण तो मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो, आणि दाट लोकर अंगावर असताना एवढ्याने भागत नाही.

आता साखळीविषयी. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याला पळून जाण्याचा मार्ग उरत नाही. जवळ येणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी त्याच्यापाशी दातांखेरीज साधन राहत नाही. कुत्रा 'तिखट' व्हावा म्हणून त्याला मुद्दाम बांधून ठेवणारे व येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून चिडवून घेणारे लोक आहेत. त्यांना टेकनपूरचे उदाहरण सांगावेसे वाटते. ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानप्रशिक्षण केंद्र १९७० मध्ये स्थापन झाले. अशा केंद्रांत कुत्रा त्याच्यासाठी नेमलेल्या प्रशिक्षित जवानाच्या हाती असतो, आणि हल्ल्याइतकेच हल्ला थांबविण्याचे शिक्षण त्याला मिळते. घरी त्यातील पहिला अर्धा भाग तेवढा उरतो, आणि पहिला बळी बहुधा घरात नित्य येणारे मूलच असते. लहान मूल व मोठा कुत्रा यांना, कुत्रा कितीही गरीब असला तरी, मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून एकत्र ठेवू नये. कुत्र्याने गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. गुरगुरण्याबद्दल मारले, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावतो. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस टोचावी व पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे ती नियमाने द्यावी. तरीही कोणाला दात लागलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रोग प्रकट झाल्यावर त्यावर खात्रीचा उपचार नाही.

शेवटची सवय हाताळण्याची. पिल्लाचे ओठ वर करून दात पाहणे, कान उघडणे, पंजा हातात घेऊन नखे तपासणे, शेपटीखाली हात नेणे, हे सर्व रोज एक-दोन मिनिटे, घरातील निरनिराळ्या माणसांनी, घास देत देत करावे. पहिल्या वर्षी याचा उपयोग लस टोचताना होतो. अल्सेशियन साधारणपणे ९ ते १३ वर्षे जगतो, आणि उतारवयात पुष्कळदा त्याचे मागील पाय दुबळे होतात. तेव्हा घडी केलेली चादर पोटाखालून घेऊन, दोन्ही टोके वर धरून, त्याला जिना उतरवावा लागतो. ज्याच्या अंगाला लहानपणापासून सर्वांचे हात लागले आहेत तो कुत्रा हे शांतपणे करू देतो. ते करणारा घरातला थोरला मुलगा असो, की कपडे वाळत घालता घालता मदतीला आलेली मोलकरीण.