न्यायालयातील वेष : मर्यादा पदाची, कसोटी युक्तिवादाची

(वकील भगिनींच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



वकील काळा कोट अंगावर चढवतो, त्या क्षणी त्याचे घराणे, गाव आणि ऐपत मागे पडते. न्यायासनाला दिसावी ती केवळ पक्षकाराची बाजू, हा गणवेशाचा मूळ हेतू. स्त्री वकिलाच्या बाबतीत हा हेतू सिद्धीस जातो काय, याचा विचार आवश्यक आहे.

वेषाचा प्रश्न येण्यापूर्वी स्त्रीला प्रवेशासाठीच झगडावे लागले. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा सनदेचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या स्त्री असल्याच्या कारणावरून फेटाळला. हे द्वार उघडले ते १९२३ च्या कायद्याने. जे पद इतक्या प्रतीक्षेनंतर लाभले, त्याच्या वेषाचा मान राखणे हे ओझे नव्हे; तो त्या वारशाचा स्वीकार आहे.

परंतु मान राखायचा तो लिखित नियमाचा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४९ अन्वये बार कौन्सिल ऑफ इंडियाने वेषाचे नियम केले आहेत. त्यात पुरुषांना धोतराची मुभा आहे, जीन्स वर्ज्य आहे. स्त्रियांना साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता, चुडीदार-कुर्ता किंवा पारंपरिक पोशाख चालतो. त्यावर काळा कोट आणि गळ्याशी पांढरे बँड्स. साडीचा रंग पांढरा, काळा किंवा सौम्य असावा, तिच्यावर नक्षी नसावी. दुपट्टा घ्यावा की नाही, हे नियमाने त्या त्या स्त्रीवर सोपवले आहे. सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता गाऊन ऐच्छिक आहे आणि उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. इंग्रजी न्यायालयांतून आलेल्या वेषात भारतीय पोशाखाला दिलेले हे स्थान योग्यच म्हणावे लागेल.

अडचण निर्माण होते ती अलिखित नियमांमुळे. नवोदित वकील मुलगी न्यायालयात उभी राहण्यापूर्वीच दुपट्टा, केस, टिकली, बांगड्या, आवाजाची पट्टी यांवर चोहोबाजूंनी सूचना सुरू होतात. तिच्यासोबत सनद घेतलेल्या तरुणाला मात्र मुद्दे किती तयार आहेत, एवढेच विचारले जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयात एक सूचना लागली : महिला वकील न्यायालयात केस सावरतात, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येतो, त्यांनी तसे करू नये. टीका होताच ती मागे घेण्यात आली. ज्याचे लक्ष विचलित होते त्याला संयम शिकवायचा, की जी आपले काम करते आहे तिला?

नियम काळानुरूप बदलू शकतात, हेही अनुभवास आले आहे. महासाथीच्या काळात, मे २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कोट व गाऊनची सक्ती शिथिल केली. पांढरी साडी किंवा सलवार-कमीज आणि पांढरा बँड पुरेसा मानला गेला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महिला न्यायिक अधिकाऱ्यांना साडीसोबत सलवार-कमीज व पँट-शर्टचीही अनुमती दिली. यामुळे न्यायासनाची प्रतिष्ठा तसूभरही घटली नाही.

शालीनता हे भारतीय जीवनाचे मूल्य आहे, हे निर्विवाद. मात्र ते स्त्री-पुरुष दोघांचे आहे. एकट्या स्त्रीच्या पदरी बांधलेली शालीनता पहारा बनते. आणि स्वातंत्र्याच्या नावाखाली भडक, नक्षीदार वेष करून उभे राहणेही योग्य नव्हे. त्याची किंमत मोजतो तो पक्षकार.

म्हणून प्रत्येक वकील संघाने तीन गोष्टी कराव्यात. वेषाचा नियम मराठीत छापून बाररूममध्ये लावावा. ज्येष्ठांनी त्यापलीकडची सूचना कनिष्ठ भगिनीला देऊ नये. तालुका न्यायालयांत स्त्री वकिलांसाठी कोट-गाऊन बदलण्यास बंदिस्त, स्वच्छ कक्ष मिळावा, यासाठी संघाने पाठपुरावा करावा. ज्या दिवशी नवोदित मुलीला पहिला प्रश्न तिच्या दुपट्ट्याबद्दल नव्हे, तर तिच्या युक्तिवादाबद्दल विचारला जाईल, त्या दिवशी १९२३ मध्ये उघडलेले ते द्वार खऱ्या अर्थाने खुले झाले, असे म्हणता येईल.