इंग्रजी हवी, पण एकटी नको

शिक्षणाच्या माध्यमाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. म्हणून आज जरा लांबचं, इटलीतलं उदाहरण सांगतो.

मिलानमध्ये १८६३ साली स्थापन झालेलं 'पोलितेक्निको' हे नावाजलेलं तंत्रविद्यापीठ आहे. २०१२ मध्ये तिथं ठरलं, की २०१४ पासून पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे सगळे अभ्यासक्रम फक्त इंग्रजीतून चालवायचे. हेतू वाईट नव्हता. परदेशी विद्यार्थी यावेत, आपली मुलं जगात कुठंही टिकावीत. पण तिथल्याच शंभरेक प्राध्यापकांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचं भांडण इंग्रजीशी नव्हतं, 'फक्त' या शब्दाशी होतं.

२०१३ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. प्रकरण वर गेलं. २०१७ मध्ये घटना न्यायालयानं तीन गोष्टी बजावल्या : इटालियन भाषेचं अग्रस्थान, शिक्षणाची समान संधी आणि अध्यापनाचं स्वातंत्र्य. इटालियनच्या जोडीला इंग्रजी अभ्यासक्रम जरूर चालवा. इटालियनला बाहेर काढून नव्हे.

यातला समान संधीचा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवत असे. एकदा तोंडी परीक्षेत एक मुलगा खाली मान घालून उभा राहिला. प्रश्न साधा होता, पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी का भरतात? परीक्षक शून्य मांडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "अरे, मराठीत सांग." मग तो थांबेचना. आत हवा राहिली तर पंप पाणी ओढत नाही, फूटव्हॉल्व्ह गळका असला की भरलेलं पाणी उतरून जातं, सगळं सांगितलं. गावी विहिरीवरचा पंप तो स्वतः दुरुस्त करत होता!

मी नसतो, तर तो नापास झाला असता. आणि मला आजही टोचतं ते हे, की त्याच्याआधी असे किती गप्प विद्यार्थी मीच 'कच्चे' ठरवले असतील?

पारिभाषिक शब्द इंग्रजी राहू द्यात. पुस्तकंही इंग्रजी वाचू द्यात. ती वाचता आलीच पाहिजेत. पण शंका विचारायला, उत्तर समजावून सांगायला विद्यार्थ्याची भाषा वर्गात चालली पाहिजे. शिवाय जी भाषा प्रयोगशाळेत बोललीच जात नाही, तिच्यात नवं ज्ञान मांडण्याची सवयही उरत नाही.

तेव्हा वर्गात एखादा विद्यार्थी गप्प दिसला, तर गुण मांडण्याआधी एवढंच म्हणून पाहा, "तुझ्या भाषेत सांग."