मोजणी कामाची आणि फलिताची

(जुन्नर व आंबेगाव भागातील ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



काम संपले की आपल्या कार्यालयांतून पहिला प्रश्न येतो तो खर्च किती झाला, हा; दुसरा, मनुष्यदिवस किती भरले. मीही वर्षानुवर्षे हेच दोन आकडे वृत्तात घालीत आलो. ते खोटे नव्हते. परंतु आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने असे एक वृत्त ऐकून विचारले, “साहेब, ह्यात आमची खाचरं किती झाली?” माझ्या टिपणवहीत त्याचे उत्तर नव्हते.

या डोंगराळ भागात पडकई ही जुनी रीत आहे. परस्परांच्या श्रमाने उतार फोडावयाचा, दगडी बांध घालावयाचा आणि माती सपाट करून भातखाचर तयार करावयाचे. घोड नदीवरील डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या महादेव कोळी व कातकरी कुटुंबांना उतारावरील एकेका खाचराचे मोल किती, हे सांगावयास नको. ‘शाश्वत’ या संस्थेने ही रीत पुढे नेली. जलाशयातील मासेमारीसह तिच्या कार्यास २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

रोजगार हमीच्या मातीकामात मजुरी ठरत आली ती खोदाईच्या घनमीटरावर. मजुरीपुरते ते माप योग्यच होय. परंतु यशही त्यावरूनच ठरविले, तर खोदाई भरपूर आणि बांध कच्चा, असे होण्यास वेळ लागत नाही. खाचराची परीक्षा आषाढात होते. मुसळधार पावसात बांध राहिला काय? लावणीपुरते पाणी ठरले काय? नाचणी-वरईच्या जागी भात किती आले? दिवाळीनंतर घरातील किती माणसांना मजुरीसाठी नारायणगावकडे उतरावे लागले? ही मापे शेतकऱ्यास समजावून द्यावी लागत नाहीत. (शिक्षकांनी रागावू नये, पटावरील मुले आणि वाचता येणारी मुले यांतही हेच अंतर आहे.)

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. प्रत्यक्षात पुष्कळदा कागद घाईने वाचला जातो आणि सभा उठते. माझे सांगणे एवढेच, की फुटलेले बांध आधी वाचावेत. मात्र असा आकडा देणाऱ्या ग्रामसेवकालाच खुलासा मागितला, तर पुढील वर्षी दप्तरात एकही बांध फुटणार नाही. वरिष्ठांनी हे ध्यानी घ्यावे.

पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेस वाडीनिहाय तीनच आकडे आणावेत: खाचरे किती झाली, किती टिकली, किती पिकली. शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिले तरी चालेल; अक्षर मात्र मागे बसलेल्या भगिनींना दिसेल एवढे मोठे असावे.